फाटकाचे खांब सजवण्याआधी

फाटकाचे खांब सजवायचे म्हणतोस, पण नक्षीचं नंतर बघू, आधी त्यांच्या पायाचा खड्डा किती खोल घेतोयस ते सांग. आपल्या मुरबाड-शहापूरकडे पावसाळ्यात माती पार लोण्यासारखी होते आणि फाटकाचं वजन खांबाला सतत ओढत असतं. निदान दोन-अडीच फूट खाली जा, तळाला खडी चोपून घे, मधोमध सळई उभी कर. बिजागरीचे हूक बांधकाम चालू असतानाच बसव. नंतर ड्रिल मारलं की विटा हलतात.

गिलाव्याला एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू. मग आठवडाभर पाणी मारायचं, ऊन कडक असेल तर ओलं गोणपाट गुंडाळायचं. इथे आळस करू नकोस रे.

माथा सपाट नको. चारी बाजूंना उतार दे, बाहेर आलेल्या कडेला खालून बोटभर खाच पाड. पाणी तिथूनच ठिबकतं, खांबावरून ओघळत नाही, शेवाळही कमी धरतं.

वारली चित्रं काढायची म्हणतोस, फार छान. पण तांदळाच्या पिठाचा रंग घरातल्या भिंतीला. बाहेर पहिल्याच पावसात जाईल. प्रायमर, त्यावर गेरूच्या छटेचा बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक, वर पांढरा. तारपा नाचाची (तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य) रांग चारी बाजूंनी फिरू दे, समोरच्या अंगावर कोंबू नकोस. लग्नाचा चौक, म्हणजे वारली लग्नातलं चौकोनी चित्र, मात्र फाटकावर काढू नकोस. तो लग्नघरात सुवासिनींनी काढायचा, त्यात पालघट ही सुफलतेची देवी असते. ताडाची झाडं, मोर, बैलजोडी काढ की! पाड्यावरच्या कुणाकडून काढून घेतलंस तर मजुरी मात्र चोख दे.