पहिल्यांदाच गंजिफा मांडतेस तर

अगो, कुडाळच्या आपल्या कलाकेंद्रात पहिल्यांदाच प्रदर्शन लावतेस, म्हणून सांगतो. दशावतारी गंजिफा म्हणजे विष्णूच्या दहा अवतारांची चित्रं रंगवलेले खेळायचे पत्ते, एकूण 120. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. सगळे एकाच टेबलावर पसरू नकोस. मत्स्य ते कल्की असे दहा गट कर, राजा आणि प्रधान वरच्या बाजूला ठेव. बघणाऱ्याला मग फार समजवावं लागत नाही.

शेजारी पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगायची ती कला, लावशीलच. पोथीतली, म्हणजे एका कथेच्या संचातली चित्रं क्रमाने असतात, दिसायला छान म्हणून अदलाबदल केलीस की कथाच मोडते. आणि चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीला टेकवून तर काही म्हणजे काही ठेवू नकोस. पावसात भिंत ओल धरते. माझी एक अख्खी रांग बुरशीने खाल्ली होती, आणि दोष मी गड्यांना देत बसलो!

संध्याकाळच्या जाखडीचं, आपल्या कोकणातल्या त्या फेराच्या नाचाचं, सोपं आहे. गाणारे नि मृदंगवाला मध्ये, नाचणारे भोवती फेर धरून. तेव्हा खुर्च्या नाटकासारख्या समोर नकोत, तिन्ही बाजूंनी सतरंज्या घाल. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांचे गाण्यातले सवाल-जवाब रंगले की वेळापत्रक गेलंच समज. चहावाल्याला तेवढं आधी सांगून ठेव.