तिबेटी कॅम्पात जाऊन मंचुरियन नका मागवू बाप्पा

भाऊ, तुम्ही विचारलं की नवेगावबांधले फॅमिली घेऊन जाऊन राहिलो, तिकडून गोठणगावजवळच्या तिबेटी कॅम्पात (गोंदिया जिल्ह्यातली तिबेटी निर्वासितांची वस्ती) जेवायचं मन आहे, पण मेनूतलं एकही नाव कळत नाही अन् सोबत माळकरी वडील, तं मंचुरियनवर भागवायचं का. नका भागवू. मंचुरियन तं कोणत्याही तालुक्याच्या स्टँडवर भेटते, त्याच्यासाठी इतकं पेट्रोल काहून जाळता.

आधी एक सोपी खूण. नावात 'शा' आला की त्यात मांस आहे समजा, जसं शा-फाले म्हणजे आत खिमा भरलेली तळलेली पोळी. 'थुक' दिसला तं रश्शातलं काहीतरी. आता वडिलांसाठी महत्त्वाचं: व्हेज थुक्पा (रश्शातल्या नूडल्स) म्हटलं तरी रस्सा हाडांच्या पाण्याचा असू शकते, म्हणून ऑर्डरच्या आधीच "रस्सा कशाचा" विचारून घ्या, कोणी वाईट मानत नाही. ही वस्ती १९७२ पासूनची आहे, हिंदी सगळेच बोलतात.

मी पहिल्यांदा आईले घेऊन गेलो होतो, एप्रिलात, ऊन असं की गाडीच्या सीटले हात लावता येत नव्हता. आई तोंड वाकडं करूनच बसली. तिच्यासाठी व्हेज थेन्थुक सांगितलं. कणकेच्या पट्ट्या हातानं ओढून, तुकडे तोडून उकळत्या रश्शात टाकतात, 'थेन' म्हणजे ओढणं. वाटी पुढे आली, आईनं चमचा फिरवला न् म्हणे, "हे तं वरणफळंच होय, डाळ घालायची विसरले." मग वाटी रिकामी.

खरी मजा लाफिंगची. मूग भिजवून वाटायचे, त्याचं सत्त्व बसू द्यायचं, ते शिजवून थंड केलं की चकचकीत वडी जमते, तिच्या पट्ट्या कापून वर लसणाचं पाणी, व्हिनेगर, सोया सॉस न् लाल तिखट. आईनं एक पट्टी बोटानं दाबून पाहिली अन् सरळ सैपाकघरात जाऊन त्या बाईले विचारलं, चीक किती घोटता. कुरडयाचा चीक घोटून जिचे हात गेले तिले हे सांगा लागत नाही. अर्धा तास दोघी हिंदीत, एकीची तिबेटी हिंदी, एकीची झाडीपट्टीची, अन् मी बाहेर बिल घेऊन बसलो. उन्हाळ्यात जात असाल तं हेच मागवा, थंडगार असते.

मोमो तुम्हाले माहीत आहेतच, तिंग्मो म्हणजे वाफेवरचा पदर-पदर पाव, तो सुका नका खाऊ, रश्शात बुडवा. सोबतची लाल चटणी सेपेन. आपण सावजीवाले, तं तिची भीती घालायचं काही काम नाही.

लोणी-मिठाच्या चहाबद्दल मात्र ऐका. त्याले चहा म्हणून तोंडाले लावलं की फसले, गरम सूप समजून प्या. तिकडे तिबेटात पठाराची उंची सरासरी चार हजार मीटरच्या वर, थंडी कोरडी, अंगात तूप-मीठ गेलंच पाहिजे. अन् इतक्या उंचीवर पाणी कमी तापमानालेच उकळते, डाळ-तांदूळ नीट शिजतच नाही, म्हणून भाजलेल्या जवाचं पीठ, त्साम्पा, ह्या चहात कालवून गोळे करून खातात. आपल्या सातूचाच भाऊ. पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत हा चहा मागवाल तं तुमची मर्जी, चौघांत एक कप घ्या.

एक अजून. दिवाळीनंतर थंडीभर कॅम्पातले बरेच लोक स्वेटर विकायले शहरांत गेलेले असतात, तेव्हा चूल बंदही भेटू शकते. निघायच्या आधी कोणाकडून तरी फोन करून घ्या. महाशिवरात्रीले तं प्रतापगडच्या जत्रेची गर्दी रस्त्यावर असते, त्या दिवशी जेवायच्या नादाले लागू नका.

वडिलांले कांदा-लसूणही चालत नसेल तं कळवा, मग डबा घरूनच न्या म्हणतो मी, त्यांच्यासाठी फक्त तिंग्मो घ्या.