देवाची ईर्ष्या आणि नवऱ्याचा संशय

प्रश्न : रविवारच्या शाळेत दहा आज्ञा पाठ केल्या तेव्हापासून ‘मी ईर्ष्यावान देव आहे’ हे शब्द मला खटकत आले आहेत. मत्सर हा षड्‌रिपूंपैकी एक, आणि प्रेषित पौलही ‘प्रीती हेवा करत नाही’ असे लिहितो. मग देवाला तो कसा शोभतो? शिवाय माझे पती माझा मोबाईल तपासतात, मी माहेरी किंवा ऑफिसातील मैत्रिणींकडे गेलेले त्यांना खपत नाही, आणि विचारले तर ‘देवसुद्धा ईर्ष्यावान आहे’ असे ऐकवतात.
— एक भगिनी, वानवडी, पुणे

उत्तर : ताई, अडचणीचा काही भाग भाषेचा आहे. इब्री (हिब्रू) भाषेतील ज्या धातूवरून ‘ईर्ष्यावान’ हा शब्द आला, त्याच धातूने बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या 37 व्या अध्यायात योसेफाच्या भावांचा हेवा सांगितला आहे आणि 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्ट्याची परमेश्वराविषयीची तळमळही. मराठीत आपण या दोन गोष्टींना वेगळे शब्द वापरतो, म्हणून ‘ईर्ष्या’ वाचताच शेजाऱ्याची नवी गाडी पाहून होणारी जळफळ आपल्या डोळ्यांसमोर येते. हेवा वाटतो तो आपल्याजवळ नसलेल्या गोष्टीचा. पण ‘मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही’ असे 50 व्या स्तोत्रात म्हणणाऱ्या देवाला कशाची उणीव असणार?

आज्ञांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. ‘मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले’ हे आधी येते आणि ईर्ष्येचा उल्लेख त्यानंतर. निर्गम 34 मध्ये तो पुन्हा येतो, तेव्हा सोन्याच्या वासराचे प्रकरण नुकतेच घडलेले असून मोडलेला करार पुन्हा बांधला जात आहे. ज्यांना गुलामगिरीतून सोडवले तेच लोक स्वतःच्या दागिन्यांतून घडवलेल्या वासरापुढे नाचताना पाहूनही जो देव शांत राहिला असता, त्याला त्यांची काही पर्वा होती असे म्हणणे कठीण आहे.

‘संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने, संपूर्ण शक्तीने’ देवावर प्रीती करण्याची, अनुवाद या पुस्तकाच्या 6 व्या अध्यायातील आज्ञा याच कराराच्या नात्यातून येते. मात्र तिचा अर्थ नोकरी, माहेर आणि मैत्री यांतून मन काढून घेणे असा लावला जातो, तो मला मान्य नाही. येशूने हीच आज्ञा सर्वांत मोठी म्हणून सांगितली आणि लगेच शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा तिच्या जोडीला ठेवली. देवाचा प्रतिस्पर्धी म्हणून त्याने नाव घेतले ते धनाचे, नातलगांशी असलेल्या प्रेमळ जाण्यायेण्याचे नव्हे. (हे वचन आपल्या घरांत फारसे ऐकवले जात नाही.)

आता तुमच्या पतींविषयी. देवाची ईर्ष्या दुखावलेल्या पतीच्या रूपकातून सर्वांत स्पष्टपणे मांडली ती होशेय संदेष्ट्याने, आणि 11 व्या अध्यायात त्याच होशेयाच्या तोंडून देव म्हणतो की माझा क्रोध मी पेटू देणार नाही, कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे. म्हणजे रागाला आवर घालण्याचे कारण म्हणूनच देव येथे माणसापासूनचे आपले वेगळेपण सांगतो. माणसाने आपल्या संशयाचे समर्थन करण्यासाठी त्याचे नाव घ्यावे, याला मग आधार कुठला? पौल करिंथकरांना ‘दैवी ईर्ष्येने’ लिहितो तेही मंडळी ख्रिस्ताला सोडून भरकटू नये म्हणून, तिला स्वतःच्या ताब्यात ठेवण्यासाठी नव्हे. आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे दोघांचा संसार पुन्हा सुरू झाला, तरी ख्रिस्ती होण्याचा निर्णय लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने घेतला.

तुमचे पती तयार असतील तर दोघांनी मिळून होशेय 11 वाचावा आणि मग ज्यांच्यावर तुम्हा दोघांचा विश्वास आहे अशा पाळकांशी बोलावे. मात्र घरात तुम्हाला भीती वाटत असेल तर आधी एकटीनेच आईला किंवा जवळच्या मैत्रिणीला सारे सांगा, आणि ते सांगण्यासाठी पतीच्या परवानगीची वाट पाहू नका.