नेटबरोबर फोन फुकट, मग लँडलाइनचे ₹२९५ कशाला भरायचे?

प्रश्न : आम्ही दोघं वाईला असतो. मी निवृत्त शिक्षिका, वय ६८, ह्यांचं ७४. घरी १९९६ पासून लँडलाइन आहे, तेव्हा दूरसंचार खात्याचं, आता बीएसएनएलचं. तेव्हाची अनामत रकमेची पावती फाइलमध्ये जपून ठेवलीय. बिल जीएसटीसह महिन्याला ₹२९५ येतं. शिवाय दोघांच्या मोबाइलला दर ८४ दिवसांनी प्रत्येकी ₹८५९ चं रिचार्ज मारतो. मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीचा फायबरवाला दारात आला होता. महिना ₹३९९ अधिक जीएसटीमध्ये इंटरनेट, त्यावर फोन फुकट, आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर तेरावा महिना मोफत, असं सांगून गेला. मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत. मुलीशी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो, पण चित्र सारखं अडकतं. दोघंही म्हणतात, लँडलाइन काढून टाका. पण ह्यांना कमी ऐकू येतं, मोबाइलवरचं बोलणं नीट कळत नाही, ते लँडलाइनवरच बोलतात. काय करावं?

नमस्कार बाई,

यजमानांना कमी ऐकू येतं, हे तुमच्या पत्रातलं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. पण पैशाचं विचारलंय, तर आधी पैशाचं बोलू.

तो फोन फुकट नाही. तो ₹३९९ च्या इंटरनेटबरोबर येतो, आणि १८ टक्के जीएसटी धरून ते ₹४७१ होतात. म्हणजे ₹२९५ वाचवायला ₹४७१ खर्च. नुसता फोनच हवा असेल तर हा व्यवहार तोट्याचा आहे, तिथेच थांबा. घरात इंटरनेट हवंय का, हा खरा प्रश्न. तुम्ही लिहिता की मुलीशी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो आणि चित्र सारखं अडकतं. मग माझ्या मते हवंय.

आता वर्षाचा हिशोब. आज लँडलाइनचे ₹३,५४० आणि दोन मोबाइलचे मिळून साधारण ₹७,४६५ जातात, एकूण ₹११,००५. फायबर घेऊन लँडलाइन बंद केलं आणि मोबाइलची रिचार्ज तशीच ठेवली, तर ₹५,६५० अधिक ₹७,४६५, म्हणजे ₹१३,११५. वर्षाला ₹२,११० जास्त. मुलांनी ‘काढून टाका’ म्हणताना हा आकडा बहुधा मांडलेला नाही.

खर्च कमी होण्याची जागा लँडलाइनच्या बिलात नाही, मोबाइलच्या रिचार्जमध्ये आहे. घरात वायफाय आलं की दोन्ही मोबाइलवर रोजचा दोन-दोन जीबी डेटा कशाला? फक्त कॉल आणि एसएमएसचं, डेटा नसलेलं रिचार्ज ठेवणं ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केलं. ते वर्षाकाठी अठराशे-एकोणीसशे रुपयांत पडतं. दुकानदार आपणहून दाखवत नाही, मागून घ्यावं लागतं. दोघांपैकी एका मोबाइलला ते मारलं, तर वर्षाचा खर्च सुमारे ₹११,२३० वर येतो, म्हणजे आजच्या इतकाच. वर घरभर इंटरनेट.

दोन्ही मोबाइलला मात्र ते करू नका. डेटा नसला की घराबाहेर यूपीआयचं ॲप चालत नाही, आणि मंडईत भाजीवाल्यासमोर उभं राहिल्यावर ते कळतं. जो जास्त बाहेर पडतो त्याच्याकडे डेटा राहू दे. तो फायबरवाला परत आला की तुम्हाला ₹९९९ चा, बारा-पंधरा ओटीटीवाला प्लॅन दाखवेल, हे मी लिहून देतो. त्याला नाही म्हणा. तुमच्या दोघांच्या वापराला सगळ्यात खालचा प्लॅन पुरून उरतो.

तेराव्या महिन्याचं प्रलोभन आकड्यात बघितलं तर चांगलं आहे. बारा महिन्यांच्या पैशात तेरा महिने, म्हणजे आठ टक्क्यांच्या वर फायदा, आणि तुमचे पैसे सरासरी सहा-सात महिनेच अडकतात. एफडीत एवढं सुटत नाही. तरीही आत्ता घेऊ नका. वाईचा पाऊस, खांबांवरून लोंबणाऱ्या केबली आणि नवा फायबरवाला ही तिन्ही एकत्र कशी वागतात ते एक पावसाळा बघा. पैसे एकदा हातातून गेले की तक्रारीला धार राहत नाही. महिन्याचं किंवा फार तर तीन महिन्यांचं भरा. दिवाळीपर्यंत सेवा चोख राहिली तर मग खुशाल वर्षाचं भरा.

आता तुमच्या यजमानांचं. इथे मी घाई करणार नाही.

तुमच्या जुन्या लँडलाइनला घरातली वीज लागत नाही. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर ४८ व्होल्टचा प्रवाहही एक्स्चेंजमधून येतो, तिथे बॅटऱ्या असतात. म्हणून घरात अंधार असला तरी रिंग वाजते. फायबरमधून येतो प्रकाश, त्यातून वीज येत नाही. वीज गेली की राउटर बंद आणि फोनही बंद. महावितरणचा देखभालीचा दिवस आणि पावसाळ्यातल्या रात्री डोळ्यांसमोर आणा. दुपारी तुम्ही बाहेर आहात, यजमान घरी एकटे आहेत, मोबाइलवरचं ऐकू येत नाही आणि वीज गेलीय. १०८ किंवा ११२ ला फोन करायची वेळ नेमकी तेव्हा आली तर?

यावर उपाय महाग नाही. राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मिळतो, दीड-दोन हजारांत. राउटर आणि भिंतीवरची फायबरची डबी वेगवेगळी असेल तर दोन्ही त्यावर चालतील असाच घ्या. नाहीतर राउटर चालू राहतो, डबी झोपते आणि आपण यूपीएसवाल्याला बोल लावत बसतो. चार्जिंग पूर्ण झालं की प्लग काढून घड्याळ लावा आणि फोन किती वेळ टिकतो ते स्वतः बघा. खोक्यावर छापलेल्या तासांवर जाऊ नका. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा पॉइंट त्यावर घ्या, मिनी यूपीएसचा खर्च वाचला.

फायबरवाल्याला एक प्रश्न मात्र तोंडावर विचारा : फायबर माझ्या घरापर्यंत येणार, की खांबावरच्या पेटीपर्यंत आणि पुढे साधी लॅन केबल? पेटीपर्यंतच असेल तर त्या पेटीलाही वीज लागते. मग तुमच्या घरातला यूपीएस असून नसल्यासारखा.

ऐकण्याचं बघायला गेलं तर बरीचशी अडचण सुटण्यासारखी आहे. राउटरच्या मागे टेलिफोनच्या छोट्या पिनेची जागा असते, काही मॉडेलना नसते, म्हणून असलेलंच मॉडेल मागा. त्यात तुमचा बटणांचा जुना फोन बसतो : तोच जड रिसीव्हर, तीच खणखणीत घंटा. आवाज एरवीपेक्षा स्वच्छही येतो. जुना गोल तबकडीचा असेल तर फोन येतील, पण तबकडी फिरवून नंबर लागेलच असं नाही. राउटर हॉलमध्ये आणि फोन यजमानांच्या खाटेशी असेल, तर मधली वायर टाकून घ्यायचं काम फायबरवाल्याकडून त्याच दिवशी करून घ्या. माणूस एकदा गेला की दुसऱ्यांदा येताना त्याचा वेळ महाग होतो. त्याने घरातल्या जुन्या लँडलाइनच्या वायरिंगला हात लावला, तर बाहेरून येणारी तांब्याची तार आधी सोडवली आहे ना ते बघा. दोन्ही लाइन एकत्र जोडल्या गेल्या तर राउटर बिघडू शकतो.

नंबरचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, पण १९९६ पासूनचा नंबर आहे. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते. लँडलाइनला ती सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे दारात आलेल्या माणसाकडून फोन घेतलात तर नंबर नवा मिळणार. बीएसएनएलच्याच फायबरवर गेलात तर तोच नंबर ठेवता येण्याची शक्यता असते. तुमच्या एक्स्चेंजमध्ये हे होतं का, ते ग्राहक सेवा केंद्रात जाऊन विचारा. होत असेल आणि दर पाच-पन्नास रुपयांनी जास्त असेल, तरी मी तिकडेच झुकेन. यजमानांना पाठ असलेला नंबर आणि त्यांच्या मित्रमंडळींच्या डायऱ्यांत लिहिलेला नंबर, याची किंमत महिन्याला पन्नास रुपयांपेक्षा जास्त आहे.

नंबर बदलणारच असेल तर जुन्या विमा पॉलिसी, बँकेच्या लॉकरचा अर्ज, गॅसची नोंदणी, पेन्शनची कागदपत्रं आणि सोसायटीचं रजिस्टर एकदा चाळा. जिथे जिथे लँडलाइन दिलंय तिथे ते बदला, आणि बदलताना मोबाइल नंबरच द्या.

नवा फोन लागला की दुसऱ्या दिवशी लँडलाइन कापायला जाऊ नका. दोन महिने दोन्ही ठेवा, जास्तीचा खर्च ₹५९०. तो विम्याचा हप्ता समजा. त्या काळात यजमानांना नव्या लाइनवरून रोज बोलू द्या, वीज गेलेल्या वेळीसुद्धा. त्यांना जमलं तर लँडलाइन बंद करा. नाही जमलं तर इंटरनेट घ्या आणि लँडलाइनही ठेवा. त्यासाठी वर्षाला ₹३,५४० जातील. तुम्ही पत्रात दिलेले, इथे न छापलेले दोघांच्या पेन्शनचे आकडे बघता ते तुम्हाला जड नाहीत, आणि मुलांनी फारच आग्रह धरला तर हे बिल त्यांनाच भरू दे.

बंद करायला जाताना लेखी अर्ज, शेवटच्या बिलाची पावती, कंपनीचं टेलिफोन यंत्र असेल तर ते आणि १९९६ ची अनामत रकमेची पावती बरोबर न्या. ती फाइलमध्ये जपून ठेवलीय हे वाचून बरं वाटलं, बहुतेकांकडे नसते. अनामत आपोआप खात्यात येईल असं धरून चालू नका. अर्जातच बँक खात्याचा तपशील लिहा, रद्द केलेला चेक जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.