नोव्हेंबरात बदली होऊन जळगावला येतोय. ऊन आणि केळी सोडून तिथे काय आहे? खायचं काय, घ्यायचं काय, बघायचं काय?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसातले लोक आत्तापासूनच सांत्वन करतायत. करू द्या त्यांना. मी जन्मापासून इथलाच, मधली चार वर्षं नोकरीसाठी बाहेर होतो तेवढंच. माझं म्हणणं एवढंच की जळगावात "कोणतं हॉटेल चांगलं" हे विचारायचंच नाही, "आत्ता कोणता महिना चालू आहे" हे विचारायचं. आमच्याकडचं निम्मं चांगलं खाणं हॉटेलात मिळत नाही आणि जे मिळतं ते बाराही महिने सारखं नसतं.

हे मी स्वतः नाक कापून घेऊन शिकलोय. आमचे साडूभाऊ एकदा मे महिन्यात आले, भरीत पाहिजे म्हणाले, मी पण मोठ्या तोऱ्यात हायवेवरच्या एका ढाब्यावर घेऊन गेलो. नाव सांगत नाही. वांगं गॅसवर भाजलेलं, आत बियाच बिया, वर तेलाचा तवंग, आणि साडूभाऊ सभ्य माणूस म्हणून "छान आहे" म्हणत राहिले. आजही लग्नात भेटले की तो विषय काढतात.

भरीत खायचं ते थंडीत. त्याचं वांगंच वेगळं असतं, हिरवं, त्यावर पांढरट रेघा, चांगलं दांडगं आणि बिया कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, केळीला पण त्याच वर्षी मिळाला. बाजारात गेलात की भाजीवाल्याला "बामणोदचं आहे का" विचारा, या वांग्यासाठी नावाजलेलं गाव आहे ते, सगळेच हो म्हणतील, पण निदान तुम्हाला काहीतरी कळतं असं त्याला वाटेल. घरोघर खरा मुहूर्त चंपाषष्ठीचा, चातुर्मासात वांगं बंद ठेवणारी घरं त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग जे सुरू होतं ते फेब्रुवारीपर्यंत थांबत नाही. ऑफिस, भिशी, शाळेचा ग्रुप, सगळ्यांच्या भरीत पार्ट्या, त्या पण कोणाच्या तरी शेतात. तुम्ही नोव्हेंबरात येताय म्हणजे एकदम वेळेवर येताय.

पार्टीला जरा लवकर जा आणि जाळापाशी उभे राहा. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करतात, तो भसकन पेटतो आणि लगेच खाली बसतो, म्हणून एक माणूस सारखा काड्या टाकत असतो आणि दुसरा लांब काठीने वांगी फिरवत असतो. साल काळी ठिक्कर पडून फाटली आणि आतलं पाणी सुंई करायला लागलं की झालं. मग हात ओले करत, बोटं पोळून घेत साल काढायची, आणि लाकडाच्या खोलगट भांड्यात हिरवी मिरची, लसूण टाकून ते ठेचायचं. मिक्सर काढला तर म्हातारी माणसं उठून जातील. फोडणीत शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि तेल बघून घाबरायचं नाही. देठं मी काढू देत नाही, ती चोखायला लागतात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, किंवा पुरी. भरितासोबत पुरी ऐकून बाहेरचे लोक तोंड वाकडं करतात आणि मग आठ-दहा खातात. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा, तुमच्या मुलीसाठी वेगळं काढून ठेवतील, नंतर सांगून उपयोग नाही.

शेवभाजी मात्र बाहेर खाल्ली तरी चालते, ती ढाब्यावरच शोभते. फक्त एक बघा, शेव ताटात आल्यावर वरून टाकतात का आधीच रश्शात उकळतात. उकळलेली असेल तर लगदा मिळणार. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी ही पंगतीची गोष्ट, लग्नात किंवा भंडाऱ्यात खायची, बट्टी आधी उकडून किंवा भाजून, मग कापून तुपात तळलेली असते आणि वाढणारा वरणावर तुपाची धार धरून तुमच्या तोंडाकडे बघत उभा राहतो, नको म्हटलं तर त्याला वाईट वाटतं. पातोडीची भाजी, डुबुकवडे हे बेसनाचे रश्शातले प्रकार, पावसाळ्यात भाजी मिळाली नाही की घरी. आणि केळीचे वेफर्स गरम असतानाच घ्या, सावदा-फैजपूरकडे रस्त्यालगत समोर तळून देतात. केळी विकत घेताना मला अजून लाज वाटते, कारण लहानपणी कोणीतरी यावल-रावेरकडून घरी आणूनच द्यायचं!

बाजाराचं म्हणाल तर सोनं. सुभाष चौकाजवळचा सराफ बाजार जुना, लोक लांबून लग्नाची खरेदी करायला येतात, जळगावचं सोनं म्हणजे शुद्ध अशी पिढ्यानपिढ्यांची ख्याती आहे. पण ख्यातीवर जाऊ नका, दागिन्यावरचा सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) बघूनच घ्या, १ एप्रिल २०२३ पासून तो नियमच आहे, आणि भाव सगळीकडे जवळपास सारखा असतो म्हणून भावाची नाही, मजुरीची घासाघीस करा. कपड्यांना फुले मार्केट, मोबाइलला गोलाणी, तूरडाळ आणि वर्षाचं धान्य दाणा बाजारात. डाळ मिल्स इथेच आहेत, त्यामुळे डाळ पुण्याला नातेवाइकांना पाठवायची सवय लागेल तुम्हाला.

आता सण. आल्या आल्या कार्तिकी एकादशीचा रथ बघा, बाकी सामान नंतर लावा. जुन्या जळगावच्या श्रीराम मंदिराचा रथ, दीडशे वर्षांची परंपरा, आधी प्रतिपदेपासून रोज संध्याकाळी वहनं, म्हणजे देवाची वाहनं, निघतात आणि एकादशीला रथ. लोक देवाकडे बघतात, मी मोगरीवाल्यांकडे बघतो. एवढ्या मोठ्या लाकडी रथाला ना स्टेअरिंग ना ब्रेक, चालत्या चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवून तो वळवतात आणि थांबवतात, एक क्षण इकडेतिकडे झाला तर हात गेला. गल्लीच्या कोपऱ्यावर वळण घेताना सगळा जमाव गप्प होतो आणि वळला की एकदम आरोळी. भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो, तिथे चादर चढवतात, मग पुढे. गाडी लांब लावा, गावात अजिबात आणू नका.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई, आमच्या खान्देशातली देवी. नारळाला डोळे-नाक-नथ लावून सजवलेली कानबाई, रात्रभर गाणी-फुगड्या, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तुम्हाला दर्शनाला नक्की बोलावतील, पण रोट, म्हणजे तिचा प्रसाद, खायला देणार नाहीत, ते भाऊबंदांनीच खायचे असतात. मनाला लावून घेऊ नका.

आणि ऊन, ते खोटं सांगत नाही, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्याच दिवसांत येते. माहेरवाशिणी आलेल्या, झाडांना झोके, घरोघर पितरांची घागर भरलेली, खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस, आणि पुरुष मंडळी दिवसभर पत्ते कुटत बसलेली, त्या दिवशी बायका पण काही बोलत नाहीत. रस ओतून मांडा कसा खायचा हे शेजाऱ्याकडे बघून करा, पहिल्यांदा कोपरापर्यंत ओघळतोच.

राहिली एक खरेदी, चटई. प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने इथल्या एमआयडीसीत भरपूर आहेत, एक मोठी घेऊनच टाका. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपायला लागेल, आणि मार्च-एप्रिलात शेजारच्या काकू ती ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळवायला मागतील. द्या. परत करताना त्यांच्या हातात चटईसोबत बिबड्यांच्या गरम शिजवलेल्या पिठाची वाटी असते, वरून कच्चं तेल घातलेली.