घरी इन्व्हर्टर असताना कम्प्युटर आणि सर्व्हरसाठी वेगळा यूपीएस घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला असा कळला: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात राहता. घरात इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्यूब्युलर बॅटरी आहे, तरीही लाइट गेली की डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. शिवाय एक छोटा सर्व्हर चोवीस तास चालू असतो, त्यावर घरचे फोटो आणि तुमच्या कामाचा डेटाबेस आहे. वेगळा यूपीएस घ्यावा का, किती व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे यूपीएसची क्षमता), आणि लिथियम बॅटरीचा विचार करावा का?

मी मुरारला राहतो आणि ग्वाल्हेरमधल्या छोट्या ऑफिसांची मशिनं सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न दर उन्हाळ्यात समोर येतो. हो, यूपीएस घ्या. पण दुकानदाराला ‘किती वेळ चालेल?’ हे सगळ्यात आधी विचारू नका. तासांचं काम तुमचा इन्व्हर्टर आधीच करतोय. यूपीएसकडून तुम्हाला दोनच कामं हवीत: लाइट जाणं आणि इन्व्हर्टर सुरू होणं यांच्यामधली क्षणभराची फट भरणं, आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपली की सर्व्हरला वेळेत बंद व्हायला सांगणं. दुसऱ्या कामासाठी बऱ्याच यूपीएसच्या खोक्यात एक यूएसबी केबल येते. मी जिथे जिथे जातो तिथे ती खोक्यातच पडलेली असते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी डेस्कटॉप का रीस्टार्ट होतो ते सांगतो. कम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये (आतल्या पॉवर सप्लायमध्ये) थोडीशी ऊर्जा साठलेली असते. पूर्ण लोडवर ती साधारण १६ ते १७ मिलिसेकंद पुरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, तेव्हा एक आवर्तनही पुरतं निघत नाही. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये बदलायला ४० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकतो. पंख्याला आणि ट्यूबलाइटला ते कळतही नाही, कम्प्युटरला कळतं. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे किंवा सेटिंगमध्ये ‘यूपीएस’ आणि ‘इको’ (काहींवर ‘नॉर्मल’ किंवा ‘वाइड’) असे दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये बदल साधारण १० ते १५ मिलिसेकंदांत होतो. आज घरी गेल्यावर आधी हे पाहा, कदाचित एक पैसाही खर्च न करता निम्मा त्रास जाईल. मात्र या मोडमध्ये इन्व्हर्टर व्होल्टेजबाबत कडक होतो. सहसा १८० ते २६० व्होल्टच्या बाहेर गेलं की तो बॅटरीवर जातो. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर लाइट असूनही बॅटरी खर्च होताना दिसेल.

दुसरी तपासणी म्हणजे इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे (लाइटसारखी गोलसर लहर) की स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहर). मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. साइन वेव्ह असेल तर यूपीएसची पिन इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा आणि यूपीएसवर कम्प्युटर, सर्व्हर आणि राउटर. स्क्वेअर वेव्ह असेल तर ही जोडणी करू नका. घरगुती लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसला (लाइट ठीक असेपर्यंत तीच पुढे देणाऱ्याला) ती वीज खराब वाटते, तो स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि इन्व्हर्टर मजेत चालू असताना दहा-पंधरा मिनिटांत यूपीएस संपून सगळं बंद पडतं. आताच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज नीट लहरीत ओढणारं सर्किट) असतं, तेही स्क्वेअर वेव्हवर कुरकुर करतं. अशा वेळी मी इन्व्हर्टर बदलायला सांगतो. बॅटरी तीच राहू शकते.

आता किती व्हीए. खोक्यावरचा व्हीएचा आकडा म्हणजे वॅट नव्हे. घरगुती यूपीएसमध्ये पॉवर फॅक्टर बहुधा ०.६ असतो, म्हणजे ६०० व्हीएला ३६० वॅट आणि १००० व्हीएला ६०० वॅट. साधा डेस्कटॉप आणि २४ इंची मॉनिटर मिळून रोजच्या कामात सव्वाशे वॅटच्या आत राहतात. ग्राफिक्स कार्ड असेल तर हा आकडा दुप्पट-तिप्पट होतो. मिनी पीसीचा सर्व्हर १०-२० वॅट खातो, दोन हार्ड डिस्कचा नॅस (नेटवर्कवरची साठवण पेटी) ३० च्या आसपास, फायबरचा राउटर १० च्या आसपास. पण जुना रॅक सर्व्हर स्वस्तात मिळाला म्हणून आणला असेल तर तो रिकामा बसूनही १०० वॅटच्या वर खातो. तसा असेल तर त्याच्यासाठी मोठा यूपीएस घेण्याऐवजी तोच बदलून मिनी पीसी घ्या. सॉकेटमध्ये लावायचं वॅटमीटर स्वस्त मिळतं, अंदाज करण्यापेक्षा ते लावून बघा. तुमच्या वर्णनावरून मी १००० व्हीए घेईन. लेझर प्रिंटर यूपीएसवर चुकूनही लावू नका, त्याचा हीटर एका झटक्यात हजार वॅटच्या जवळ जातो.

इन्व्हर्टरच्या तासांचा हिशेब असा: १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. २०० वॅट लोडला कागदावर नऊ तास होतात. इन्व्हर्टरमधली गळती, बॅटरी तळापर्यंत न नेणं आणि तिचं वय धरून निम्मे समजा. त्यावर दोन पंखे चालत असतील तर आणखी कमी. याउलट छोट्या यूपीएसमधली बॅटरी असते १२ व्होल्ट ७ एएच, म्हणजे ८४ वॅट-तास, आणि एवढ्या जोरात उपसली की तेवढेही मिळत नाहीत. तिच्याकडून तासाची अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे.

आता खरं काम, सर्व्हर नीट बंद होणं. डेटाबेस लिहीत असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेली पानं राहू शकतात. फाइल सिस्टिमचं जर्नल (बदलांची नोंदवही) बरंचसं सावरून घेतं, पण डिस्कच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) अडकलेलं कोणी परत आणू शकत नाही. म्हणून यूपीएस घेताना डेटाचा यूएसबी पोर्ट आहे ना हे बघाच. स्वस्तातल्या ६०० व्हीएच्या बऱ्याच मॉडेलांना तो नसतोच, आणि काहींवर दिसणारा पोर्ट फक्त मोबाइल चार्जिंगचा असतो. लिनक्सवर ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’, म्हणजे ‘नट’, हे यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर बसवा. फुकट आहे आणि त्याच्या संकेतस्थळावर कोणता यूपीएस चालतो त्याची यादी आहे. घ्यायच्या आधी मॉडेल त्यात शोधा.

सेटिंगमधली एक गोष्ट मी आवर्जून बदलतो. नट मुळात यूपीएसकडून ‘बॅटरी लो’चा इशारा येईपर्यंत थांबतं. नव्या बॅटरीवर हे ठीक. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी मात्र इशारा देते आणि काही सेकंदांत बसते, कधी तर इशारा न देताच. म्हणून टायमर लावा: यूपीएस सलग दोन मिनिटं बॅटरीवर असला की शटडाउन, मधे वीज आली तर टायमर रद्द. तुमच्या जोडणीत हे फार छान बसतं. लाइट गेल्यावर यूपीएस क्षणभर बॅटरीवर जाईल, इन्व्हर्टर सुरू होताच परत येईल, टायमर रद्द. पुढचे चार तास यूपीएसला काही काम नाही. मग इन्व्हर्टरची बॅटरी संपेल तेव्हाच यूपीएस खरोखर बॅटरीवर जाईल, आणि दोन मिनिटांनी सर्व्हर आपणहून शांतपणे बंद होईल, तुम्ही घरी असा नाहीतर पुण्याला लग्नाला गेलेले असा.

यूपीएसला यूएसबी पोर्ट एकच असतो, तो सर्व्हरला द्या. डेस्कटॉपला तोच निरोप नेटवर्कवरून पोहोचवता येतो (नटचा नेटवर्क पोर्ट क्रमांक ३४९३). मात्र राउटर किंवा मधला स्विच यूपीएसवर नसेल तर निरोप जाणार कुठून? तो विसरू नका. राउटर बॅकअपवर असला की फायबरचं नेटही बहुधा चालू राहतं, कारण घरापर्यंतच्या फायबरच्या रस्त्यात मधे वीज लागणारी पेटी सहसा नसते.

मग परत चालू होण्याचा प्रश्न. बायोसमध्ये (कम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते ‘पॉवर ऑन’वर ठेवा. पण त्यात एक खाच आहे. सर्व्हर बंद होत असतानाच लाइट आली, तर यूपीएसने वीज कधी तोडलीच नाही, त्यामुळे सर्व्हरला वीज गेल्याचं कळलंच नाही आणि तो बंदच राहतो. यावर उपाय म्हणजे शटडाउनच्या शेवटी नटने यूपीएसला ‘आउटपुट तोड आणि वीज असेल तर थोड्या वेळाने परत दे’ अशी आज्ञा देणं. ही सोय नटमध्ये आहे, यूपीएसने ती मानली पाहिजे. ती मानतो का, हे घेतल्या आठवड्यातच तपासा, म्हणजे बदलून घेता येईल. तपासताना पिन उपटू नका, भिंतीवरचं बटण बंद करा. बटणाने फक्त फेज तुटतो, अर्थिंग तसंच राहतं. पिन काढली की अर्थिंगही जातं.

अर्थिंगवरून आठवलं, तुमचं घर जुनं आहे. लष्करमधल्या जुन्या वस्त्यांतल्या आणि महाराज बाड्याच्या आसपासच्या कितीतरी घरांत सॉकेटला तिसरं भोक आहे पण त्यामागे तारच नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तेच कारण समजा. एसएमपीएसच्या फिल्टरमधून निम्मं व्होल्टेज कॅबिनेटवर येऊन बसतं आणि त्याला जमिनीत जायला वाट नसते. मल्टिमीटरने बघा: फेज आणि अर्थमध्ये साधारण तेवढंच यायला हवं जेवढं फेज आणि न्यूट्रलमध्ये येतं, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. नळाच्या पाइपला जोडलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. यूपीएसच्या आधी हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. वादळं येतात तेव्हा सर्ज प्रोटेक्टरला विजेचा झटका जमिनीत सोडायला वाट हवी असते.

आपल्या गावाला सगळ्यात महाग पडते ती गर्मी. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य कंपनी २५ अंशांना धरून सांगते. त्याच्या वर दर ८ ते १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये बाहेर ४५ च्या वर जातं, आणि दगडी पटियांच्या छताखालची वरची खोली दिवसभर तापून रात्रीही निवत नाही. तिथे ठेवलेली सीलबंद बॅटरी चार-पाच वर्षं चालेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, दोन वर्षं धरा. जुन्या घराचा एक मोठा फायदा तुमच्याकडे आहे: तळमजल्यावरची जाड भिंतींची, ऊन न येणारी खोली. यूपीएस आणि सर्व्हर तिथे न्या, नेटवर्कची केबल वर ओढा. वीतभर जागा चारही बाजूंनी मोकळी ठेवा. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका, ओल आणि धूळ दोन्ही आत जातात. ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती बंद कपाटात किंवा जिन्याखाली देवघराला लागून, समईच्या शेजारी नको. उन्हाळ्यात तिचं पाणी दर महिन्याला बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला. आरओचं पाणी चालत नाही. यूपीएसमधली बॅटरी फुगलेली दिसली तर त्याच दिवशी काढा.

लिथियमचं विचारलंत. गर्मी लिथियम आयर्न फॉस्फेटलाही आवडत नाही, पण ती हजारो वेळा चार्ज-डिस्चार्ज सोसते, पाणी मागत नाही आणि शिशापेक्षा खोल उपसता येते. रोज तास-दोन तास लाइट जात असेल तर मी इन्व्हर्टरसाठी तिचा विचार करेन, पण इन्व्हर्टरमध्ये लिथियमचं चार्जिंग सेटिंग असेल तरच. ट्यूब्युलरसाठीच्या चार्जरवर नुसती बॅटरी बदलून लावू नका. यूपीएसमधल्या छोट्या बॅटरीच्या जागीही लिथियम घालायला जाऊ नका, त्याचा चार्जर आणि ‘बॅटरी लो’चा अंदाज दोन्ही शिशाच्या व्होल्टेजवर बेतलेले असतात. तुमची १५० एएचची अजून दम धरून असेल तर ती संपेपर्यंत वापरा. बदलाल तेव्हा जुनी भंगारवाल्याला न देता डीलरलाच परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि शिशाची किंमत नव्या बॅटरीत वळती करून मिळते.

इन्व्हर्टरच्या मागच्या पट्टीचा मजकूर आणि सर्व्हर कोणता आहे ते खाली लिहा, नटची सेटिंग त्याप्रमाणे सांगतो.