बॅडलँड्समध्ये जिओकॅशिंग आणि पक्षी, दोन्ही एकाच वाटेवर जमेल का?

जमेल, आणि झकास जमेल! (जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधायचा खेळ.) साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कमध्ये कॅसल ट्रेल धरा. जाऊन-येऊन साधारण १६ किमी, चढ फारसा नाही. फक्त डबा शोधायची अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबा लपवता येत नाही. तिथे अर्थकॅश शोधा. यात लपवलेलं काहीच नसतं. जीपीएसने ठिकाण गाठायचं, खडकांचे थर निरखायचे आणि प्रश्नांची उत्तरं कॅश मांडणाऱ्याला पाठवायची. मला तर डब्यापेक्षा हेच जास्त आवडतं, कारण पाय थांबतो आणि नजर कड्यावर जाते.

आणि कड्यावरच तर पक्षी आहेत! क्लिफ स्वॉलो म्हणजे आपल्या भिंगरीची भावंडं. चोचीत चिखलाचे गोळे आणून ती मडक्यासारखी घरटी बांधतात. जवळून पाहिलं तर एकेक गोळा वेगळा ओळखू येतो. गवताळ भागात पिवळ्या छातीवर काळा 'व्ही' मिरवणारा वेस्टर्न मेडोलार्क खांबावर बसून गातो. उद्यानातल्या रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउनला, म्हणजे प्रेअरी डॉग या खारीच्या कुळातल्या प्राण्यांच्या वसाहतीला, दुर्बीण नक्की न्या. प्रेअरी डॉगच्या बिळांत राहणारं बरोइंग आउल आपल्या पिंगळ्याच्याच कुळातलं आहे, फक्त पाय लांब.

मे-जूनमध्ये पहाटे निघा. पाणी भरपूर घ्या, वाटेत मिळत नाही. पाऊस झाला असेल तर थांबा, ती माती बुटांना गोळ्यासारखी चिकटते. रॅटलस्नेक हे विषारी साप असतात, म्हणून कपारीत हात घालू नका.